कोंबडीचे पाय

मठातली नवी पोरं हसतात.
म्हणतात, तेउतबाल्द बाबा, पाय शाईत बुडवून
कोंबडी सोडली होती का कुणी या पानांवर?

हसू देत.
मीही हसलो होतो, नऊ वर्षांचा असताना,
फ्रोथगारने मेणाची पाटी पुढ्यात सरकवली तेव्हा.
त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं
थंडीने कायमची वाकलेली, बोरू धरल्यासारखी,
झोपेतसुद्धा.

"रोमात," तो म्हणाला, "मालक बोलत सुटायचे
आणि गुलामाने ते झेलायचं, खाली पडण्याआधी.
तोंड घोड्यावर, हात पायी.
मग एका गुलामाने शब्दांची फक्त हाडं ठेवली."

एक फरकाटा म्हणजे शब्दाचं धड.
शेजारची इवलीशी शेपटी म्हणजे त्याची विभक्ती.
टिंब डोक्यावर दिलं तर एक शब्द,
कुशीत दिलं तर दुसराच,
आणि माशी बसून गेली असेल तर
तिसराच, जो कुणी उच्चारलाच नव्हता.

तेरा हजार खुणा.
स्तोत्रांवरून गिरवल्या, कारण स्तोत्रं पाठ होती,
चुकलो तर जीभ सांगायची.
जीभ गप्प बसली तर फ्रोथगारची छडी सांगायची.

पुढे मीही शिकवायला बसलो.
दोघं आले होते. एक तापाने गेला.
दुसरा रांसला मेणबत्त्या विकतो, त्याला चार मुली आहेत,
भेटला की म्हणतो, मेण मात्र सुटलं नाही बघा.

यंदा उपवासाच्या चाळीस दिवसांत गिस्लमार आला,
काखेत जुन्या चामड्याच्या पानांचा गठ्ठा, हातात सुरी.
मेंढ्या रोगाने गेल्या, नवी पानं कुठून आणायची?
ही खरवडायची म्हणाला.
"पण आधी सांगा, देवाचं काही आहे का यात?"

खिडकीशी धरलं.
मधोमध गव्हाचा हिशेब,
देणारे घेणारे दोघेही कधीच मातीत.
आणि समासात, कडेला, उंदरांनी सोडलेल्या जागेत,
ते वाकडं टिंब. जगात एकच हात असं टिंब देत असे.

पोरगं पाटीवरच झोपलं. गालाला मेण. उठवलं नाही.

त्याखाली, जरा फिक्या शाईत:

पहाटेची घंटा त्याच्या वाट्याची. मीच दिली.

पंचावन्न वर्षं
मी समजत होतो की ती घंटा मी झोपेत वाजवली.
कित्येकांना सांगितलं होतं. छाती काढून.

"काय आहे?" गिस्लमारने विचारलं.
"स्तोत्र."
"कितवं?"
तोंडातून निघून गेलं, "एकशे सव्विसावं. ते झोपेचं."
त्याने मान हलवली, ते पान बाजूला ठेवलं,
बाकीची घेऊन गेला.
रात्रभर खालून खरवडण्याचा आवाज येत होता,
जशी थंडीत कुणी टाच खाजवावी.

ही लबाडी मी अजून पाद्रीबाबांना सांगितलेली नाही.
लिहून ठेवली आहे, फ्रोथगारच्या ओळीखाली, त्याच खुणांत.
देवाला येत असतील.
नसतील येत, तर तेवढं एक पाप
आम्हा दोघांतच राहील.

नव्या पोरांनी तेरा हजारांतली एकच खूण ठेवली आहे,
'आणि'ची. छोटासा विळा.
जागा वाचते म्हणून.
कशाचं गवत कापायचा हा विळा, त्यांना माहीत नाही,
तरी भराभर घालतात, भाकर आणि मीठ,
पिता आणि पुत्र, कशाच्याही मध्ये.

काल तो बारका एर्मेनुल्फ आला, पाठीमागे हात बांधून.
"बाबा, विळ्याच्या अलीकडे पलीकडे काय असायचं?
म्हणजे, आणखी होत्या का अशा?"

मी त्याच्याकडे बघितलं.
म्हटलं, आधी नाक पूस.